वऱ्हाडचे ऊन, पीव्हीसीची नळी आणि तेलबियांचा विसरलेला इतिहास

१/
मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा माणसांबरोबर प्लास्टिकचीही परीक्षा होते. फवारणी पंपाची नळी पहिल्या वर्षी बोटाभोवती गुंडाळता येते, दुसऱ्या वर्षी पिवळी पडते आणि तिसऱ्या वर्षी वाकवताच तडकते. सायकलच्या सीटचे रेक्झिन, ओसरीवरून नेलेली विजेची वायर, जेवणाच्या टेबलावरचे फुलाफुलांचे आवरण यांचा आजारही तोच आहे. या आजारावर विसाव्या शतकात एक औषध सापडले आणि ते तेलबियांतून निघाले. ज्या वऱ्हाडाने जगाला बी पुरवले, त्या वऱ्हाडाच्या बाजूने या औषधाचा इतिहास वाचण्याचा हा प्रयत्न. थ्रेड लांब आहे. मध्ये थोडे रसायनशास्त्रही येईल, पण ते टाळले तर इतिहासच कळणार नाही.

२/
आरंभ जर्मनीत होतो. १८७२ मध्ये ऑयगेन बाउमान या रसायनशास्त्रज्ञाने व्हिनाइल क्लोराइड वायू बंद काचनळीत भरून उन्हात ठेवला. काही काळाने नळीत पांढरा घन पदार्थ जमलेला दिसला. हे आजचे पीव्हीसी. ज्या पदार्थाचा जन्म सूर्यप्रकाशात झाला, त्याचा सर्वांत मोठा शत्रूही सूर्यप्रकाशच निघावा, हा योग विलक्षण आहे.

३/
पुढची चाळीस वर्षे त्या पांढऱ्या भुकटीकडे कोणी फारसे वळले नाही. १९१३ मध्ये फ्रिट्झ क्लाटे यांनी ती तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, परंतु तिच्यापासून टिकाऊ वस्तू काही बनेना आणि पेटंट यथावकाश रद्द झाले. अडचण दुहेरी होती. थंड असताना हा पदार्थ कडक आणि ठिसूळ. मऊ करण्यासाठी तापवावा, तर वितळण्याआधीच काळवंडू लागे आणि त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटे. हा वायू यंत्रांचे लोखंडही खाई.

४/
पहिली अडचण १९२६ मध्ये सुटली. अमेरिकेतील ॲक्रन येथे बी. एफ. गुडरिच या रबर कंपनीत वाल्डो सेमन हे धातूला रबर चिकटवणारा पदार्थ शोधत होते. त्यांनी पीव्हीसी एका उच्च उत्कलनबिंदूच्या द्रवात तापवले आणि थंड झाल्यावर हाती आला तो रबरासारखा लवचीक गोळा. लांबच लांब साखळ्यांच्या मध्ये त्या द्रवाचे रेणू शिरले होते. त्यामुळे साखळ्या एकमेकींना घट्ट धरून न बसता सरकू शकत होत्या. अशा द्रवाला प्लास्टिसायझर म्हणतात. आपण याला ‘मृदुकारक’ म्हणू. रेनकोट, पडदे, वायरींची वेष्टने, कृत्रिम चामडे यांचे युग येथून सुरू झाले.

५/
दुसरी अडचण मात्र तशीच राहिली. ती नीट समजून घेऊ. पीव्हीसीची साखळी म्हणजे मण्यांची माळ समजा. एकाआड एक मण्याला क्लोरीनचा एकेक अणू लटकलेला आहे. उष्णतेने किंवा उजेडाने एखाद्या कमकुवत जागी क्लोरीन आपल्या शेजारच्या हायड्रोजनला घेऊन निसटतो. हे झाले हायड्रोजन क्लोराइड. त्या जागी दुबंध तयार होतो आणि त्यामुळे लगतचा क्लोरीनही सैल पडतो. तोही निसटतो, मग त्याच्या पुढचा. पिशवीची चेन एका टोकाला उसवली की सरसर उघडत जावी, तसे हे चालते. वाईट भाग असा की सुटलेले आम्लच पुढची उसवण वेगाने घडवते. असे सहा-सात दुबंध ओळीने झाले की पदार्थ पिवळा दिसू लागतो. ओळ वाढली की तपकिरी, आणि अखेर काळा.

६/
यावर उपाय म्हणून शिशाचे क्षार मिसळण्याची प्रथा पडली. शिसे सुटलेले आम्ल धरून ठेवते, स्वस्त असते, आणि विजेच्या वायरींना तर ते फार मानवते. पण शिसे विषारी आहे, आणि त्याने प्लास्टिक अपारदर्शक होते. इकडे मृदुकारकांतही खोट होती. लहान रेणूंचे द्रव हळूहळू हवेत उडून जात किंवा तेला-पाण्यात उतरत. ते गेले की वस्तू पुन्हा कडक. म्हणजे एका रोग्याला दोन वैद्य होते, आणि दोघांचेही औषध अपुरे. एकच द्रव्य मऊही ठेवील आणि उष्णता-उजेडापासून सांभाळीलही, असे काही मिळेल काय? हा प्रश्न १९४० च्या दशकात ऐरणीवर आला. त्याचे उत्तर जेथून आले ते बी आपल्या शिवारात फार आधीपासून पिकत होते, म्हणून आता वऱ्हाडात येऊ.

७/
१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारात दिले. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीवर सगळ्यांची नजर वळली. १८६७ पर्यंत जी. आय. पी. रेल्वे अकोला आणि बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली होती. खामगावला आणि अमरावतीला फाटे निघाले. लिव्हरपूलच्या बाजारात इकडचा कापूस ‘ऊमरा’ या नावाने ओळखला जाई. ते अमरावतीचेच मोडलेले रूप. या कापसाविषयी इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. कापूस वेगळा झाल्यावर मागे उरणाऱ्या बीविषयी फारच थोडे लिहिले आहे.

८/
ते बी म्हणजे सरकी. रेचा चालला की रुई गाठोड्यात जाई आणि सरकीचा ढीग अंगणात उरे. ती गुरांपुढे ठेवण्याची चाल होती. दुभत्या जनावराला सरकी हे वाक्य आजही वऱ्हाडात वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सरकीत तेल असते हे ठाऊक होते, पण कच्चे तेल काळपट आणि कडवट असते. तिच्यातील गॉसिपॉल नावाचे द्रव्य क्षाराने धुऊन काढावे लागते, आणि घाणीवर ते शक्य नव्हते. अमेरिकेत यादवीनंतरच्या दशकांत सरकीच्या तेलाचा मोठा उद्योग उभा राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई बंदरातून आपली सरकीही ब्रिटनकडे जाऊ लागली.

९/
दुसरे बी जवसाचे. आज वऱ्हाडी घरात जवस म्हणजे चटणी. एकोणिसाव्या शतकात जवस म्हणजे निर्यात होती. वऱ्हाड आणि मध्य प्रांतातील रब्बीचे जवस रेल्वेने मुंबईला आणि तेथून युरोपला जाई. त्याचे तेल हवेत ठेवले की सुकून कातडीसारखे होते. म्हणून तैलरंग, वॉर्निश आणि छपाईची शाई यांत त्याला तोड नव्हती. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज गृहस्थाने १८६० च्या दशकात हेच सुकलेले तेल कापडावर थापून फरशीचे आवरण बनवले आणि त्याला लिनोलियम हे नाव दिले. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस आणि ओलियम म्हणजे तेल. नावातच बी आहे.

१०/
आता थोडे रसायन, शेवटचेच. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या कण्याला जोडलेल्या तीन लांब शेपट्या. या शेपट्यांत जागोजागी दुबंध असतात, आणि तेलाचे सगळे चरित्र त्या दुबंधांच्या संख्येवर ठरते. ते मोजण्याची रीत ह्यूब्ल यांनी १८८४ मध्ये बसवली. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषते, तो त्याचा आयोडीन अंक. खोबरेल तेलाचा अंक १० च्या आसपास, सरकीचा १०० ते ११५, सोयाबीनचा १२० ते १४०, जवसाचा १७० ते २००.

११/
या दुबंधांना उद्योगाने तीन निरनिराळ्या गती दिल्या. हवेतील ऑक्सिजनला ते मोकळे सोडले की तेल सुकते, म्हणजे रंग आणि लिनोलियम. त्यांत निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन भरला की तेल थिजते, म्हणजे वनस्पती तूप. मुंबईच्या शिवडीत १९३२ मध्ये लिव्हरचा वनस्पतीचा कारखाना सुरू झाला, आणि १९३७ मध्ये डालडा हे नाव बाजारात आले. पुढे ते इतके रुजले की आजही कोणत्याही वनस्पती तुपाला लोक डालडाच म्हणतात. तिसरी गती या दोन्हींहून निराळी होती. दुबंधावर ऑक्सिजनचा एकच अणू अलगद बसवायचा, की दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचे तिकोनी कडे तयार होते. यालाच इपॉक्साइड म्हणतात. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय प्रिलेझायेव यांनी १९०९ मध्ये पराम्लाच्या साहाय्याने असे कडे बनवून दाखवले होते. त्याचा उपयोग काय, हे मात्र तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

१२/
या टप्प्यावर १९३० च्या दशकातील दोन दृश्ये शेजारी ठेवावीत असे मला वाटते, कारण ती सहसा एकत्र वाचायला मिळत नाहीत.

पहिले दृश्य वर्ध्याचे. अमरावती जिल्ह्याची पूर्व सीमा असलेली वर्धा नदी ओलांडली की तो मुलूख सुरू होतो. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडी हे त्याचे केंद्र झाले. जे. सी. कुमारप्पा तेथे होते. झवेरभाई पटेल यांनी तेथेच सुधारलेली ‘मगन घाणी’ तयार केली. १९३५ मध्ये गांधीजींनी मगनवाडीच्या स्वयंपाकघरात सोयाबीनचे प्रयोग चालवले आणि त्याविषयी ‘हरिजन’मध्ये लिहिले. सोयाबीन विदर्भाच्या शेतात येण्याच्या कितीतरी आधी ते विदर्भाच्या वेशीवरील एका ताटात आले होते.

१३/
दुसरे दृश्य अमेरिकेतील डिअरबॉर्नचे. त्याच वर्षांत हेन्री फोर्ड सोयाबीनच्या वेडाने झपाटले होते. सोयाबीनच्या तेलापासून मोटारींचा रंग आणि ढेपेपासून बटणे-मुठी असा त्यांचा उद्योग चालला होता. १९४१ मध्ये त्यांनी प्लास्टिकच्या पत्र्यांची एक मोटार लोकांपुढे मांडली आणि ती ‘सोयाबीनची मोटार’ म्हणून गाजली. शेतातल्या मालाला कारखान्यात गिऱ्हाईक मिळवून द्यावे, असा विचार मांडणारी एक चळवळच तिकडे उभी राहिली होती.

१४/
गांधी-कुमारप्पा आणि फोर्ड यांच्यापुढचा प्रश्न एकच होता. मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आहेत, तर पिकवणाऱ्याच्या हातात चार पैसे अधिक कसे पडतील? मगनवाडीचे उत्तर होते की बी गावातच गाळा, तेल गावात खा, ढेप गावच्या बैलाला घाला. वनस्पती तुपाला त्यांचा कडवा विरोध होता. अमेरिकेचे उत्तर होते की बी प्रयोगशाळेत न्या. १९३८ च्या शेती कायद्याने तेथे सरकारने चार प्रादेशिक प्रयोगशाळा मंजूर केल्या आणि शिलकी शेतमालाचे नवे उपयोग शोधण्याचे काम त्यांना सोपवले. त्यांतील एक पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाजवळ विंडमूर येथे उभी राहिली.

१५/
विंडमूरच्या प्रयोगशाळेत तेले आणि चरब्यांवर काम करणाऱ्या गटात डॅनियल स्वर्न हे तरुण रसायनशास्त्रज्ञ होते. बारावीनंतर ज्यांनी सेंद्रिय रसायन घेतले असेल त्यांना ‘स्वर्न ऑक्सिडेशन’ आठवेल. तेच हे. ती अभिक्रिया मात्र पुढच्या काळातली, टेम्पल विद्यापीठातली. विंडमूरमध्ये त्यांचा ध्यास प्रिलेझायेवच्या त्या तिकोनी कड्याचा होता. १९४४ मध्ये त्यांनी ओलेइक आम्लावर परबेन्झोइक आम्लाने हे कडे बसवले. परबेन्झोइक आम्ल कारखान्याला परवडण्यासारखे नव्हते. १९४५ मध्ये फिंडले, स्वर्न आणि स्कॅनलन या तिघांनी तेच काम परॲसिटिक आम्लाने करून दाखवले. परॲसिटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे अपत्य. दोन्ही गोष्टी पिंपांनी मिळत. प्रयोगशाळेतील कुतूहल कारखान्याच्या दारात आले ते या पायरीवर.

१६/
पुढची पायरी खाजगी कंपन्यांनी गाठली. १९४९ मध्ये रोम अँड हास कंपनीच्या नीडरहाउझर आणि कोरोली यांना तेलांवर असे कडे बसवण्याच्या एका सोप्या पद्धतीचे पेटंट मिळाले. पराम्ल वेगळे न बनवता, तेलाच्याच भांड्यात फॉर्मिक आम्ल आणि पेरॉक्साइड घालायचे आणि पराम्ल जागच्या जागी तयार होऊ द्यायचे. त्यातून आले इपॉक्सीकृत सोयाबीन तेल. फिकट पिवळे, घट्टसर, जवळपास निर्गंध. बाटलीत ठेवले तर खाण्याच्या तेलाहून फारसे वेगळे दिसणार नाही. वजनाने सुमारे साडेसहा ते सात टक्के ऑक्सिजन मात्र त्या कड्यांत भरलेला.

१७/
या तेलाने दोन वैद्यांचे काम एकट्याने कसे केले? तेलाचा रेणू मोठा आणि लांब शेपट्यांचा असतो. तो पीव्हीसीच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना सरकते ठेवतो, आणि मोठा असल्यामुळे सहजी उडून जात नाही. हे झाले मृदुकारकाचे काम. तिकोनी कडे हे ताणलेल्या धनुष्यासारखे असते, सुटायला टपलेले. पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघाले रे निघाले की कडे उघडते आणि त्याला पकडून आपल्याला जोडून घेते. सुटलेले आम्लच पुढची उसवण घडवत असल्यामुळे, आम्ल पकडले की चेन उघडण्याचा वेग मंदावतो. साध्या तेलाला हे जमत नाही. ते पीव्हीसीत नीट मुरतही नाही, वर तरंगून येते. ऑक्सिजनच्या त्या एका अणूने तेलाचा स्वभावच बदलला.

१८/
येथे एक मर्यादा सांगायला हवी, नाहीतर ही जाहिरात होईल. हे तेल एकटे पुरे पडत नाही. बहुधा ते शंभर भाग पीव्हीसीला चार-पाच भाग इतकेच घालतात आणि मुख्य मृदुकारक दुसराच असतो. उजेडाविरुद्धची त्याची ताकद बेरियम, कॅल्शियम, जस्त अशा धातूंच्या साबणांबरोबर खऱ्या अर्थाने दिसते. दोघे मिळून जे करतात ते एकट्याने होत नाही. शिवाय उन्हात वर्षानुवर्षे पडून कडी खर्च झाली की ते तेल पीव्हीसीला नकोसे होते आणि पृष्ठभागावर चिकट थर येतो. जुन्या टेबलक्लॉथवर हात ठेवला की हात चिकटतो, त्याचे एक कारण हेही असू शकते. बाटल्या-बरण्यांच्या झाकणातील गास्केटमधून ते लोणच्या-सॉसच्या तेलात उतरते, म्हणून युरोपने अन्नातील त्याच्या प्रमाणाला किलोला ६० मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली आहे.

१९/
आता इतिहासाची कडवट गंमत. युद्धोत्तर काळात व्हिनाइलच्या फरशांनी लिनोलियमला घराबाहेर काढले. लिनोलियम गेले तसे जवसाचे एक मोठे गिऱ्हाईक गेले. त्याच व्हिनाइलला टिकण्यासाठी मात्र तेलबियाच हव्या होत्या. सोयाबीनच्या तेलाप्रमाणे जवसाच्या तेलावरही ही कडी बसवतात, आणि दुबंध जास्त असल्याने ती अधिक बसतात. म्हणजे पुढच्या दाराने हाकललेले जवस मागच्या दाराने पुन्हा आत आले. तोवर तिकडचे सोयाबीन मुबलक आणि स्वस्त झाले होते, आणि वऱ्हाडचे जवस चटणीपुरते उरू लागले होते.

२०/
हे आपल्याकडे का झाले नाही? विद्या नव्हती, हे उत्तर मी स्वीकारत नाही. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० मध्ये वारले. जाताना आपली लक्षावधी रुपयांची संपत्ती त्यांनी उपयोजित विज्ञान शिकवण्यासाठी नागपूर विद्यापीठाला दिली होती. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. तेल-तंत्रज्ञान हा तिचा एक जुना विषय आहे. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ होईपर्यंत वऱ्हाडची महाविद्यालये नागपूर विद्यापीठाकडेच होती, तेव्हा वऱ्हाडच्या मुलाला ही विद्या परकी नव्हती. स्वर्न विंडमूरमध्ये ओलेइक आम्लाशी झटत होते त्याच वर्षांत नागपुरात तेलाचे शास्त्र शिकवणारी संस्था उभी होती, हे ध्यानात ठेवावे.

२१/
मग अडले कुठे? माझे मत असे. एक तर पीव्हीसीच आपल्याकडे उशिरा आले. देशातील पहिला कारखाना कॅलिको मिलने मुंबईत काढला, त्याची क्षमता वर्षाला ६,००० टन. ज्याला औषध द्यायचे तो रोगीच समुद्रकाठी होता. दुसरे कारण वनस्पती तुपाचे. स्वच्छ केलेल्या प्रत्येक डबा तेलाला वनस्पतीचे कारखाने आणि स्वयंपाकघरे हे हमखास गिऱ्हाईक होते. दुबंधात हायड्रोजन भरून पैसे मिळत असताना पराम्लाच्या भानगडीत कोण पडणार? ती अभिक्रिया भरपूर उष्णता सोडते, भांडे थंड ठेवता आले नाही तर धोका असतो. व्यापाऱ्याच्या हिशेबाने त्याची निवड चुकीची नव्हती. आणि तिसरे, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. रेल्वे, जिनिंग, प्रेसिंग, बाजार ही वऱ्हाडची सारी मांडणीच माल बाहेर पाठवण्यासाठी झाली होती. विंडमूरला सरकारने दिलेले काम, म्हणजे ‘या मालाचे आणखी काय होईल ते शोधा’, येथे कोणत्याच सरकारने कोणाला दिले नव्हते. मगनवाडीने ते स्वतःहून अंगावर घेतले, पण तिची दिशा जाणूनबुजून घाणीकडे होती.

२२/
सोयाबीन शेतात आले ते त्यानंतर. १९६९ मध्ये अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आज ते डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने ओळखले जाते. जबलपूरहून आलेल्या जेएस ३३५ या वाणाने १९९० च्या दशकात वऱ्हाडचा खरीप बदलून टाकला. शंभर दिवसांत हाती येणारे, दिवाळीच्या खर्चाला पैसा देणारे पीक. ज्वारी मागे हटली, मूग-उडीद मागे हटले. ज्या पट्ट्यात पूर्वी पांढरे सोने होते तेथे पिवळे सोने आले, असे लोक म्हणू लागले. विद्यापीठाच्या अमरावती केंद्राने पुढे ‘सुवर्ण सोया’, ‘पीडीकेव्ही अंबा’ असे स्वतःचे वाण दिले.

२३/
सोयाबीनच्या दाण्यात तेल अठरा-वीस टक्के, प्रथिने चाळीस टक्क्यांच्या आसपास. एका क्विंटलमागे सुमारे अठरा किलो तेल आणि ऐंशी किलो ढेप. म्हणून सोयाबीनचा भाव तेलापेक्षा ढेपेवर हलतो. परदेशातील कोंबड्यांच्या खुराकाची मागणी घटली की अकोल्याच्या बाजारात दर पडतो. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी संपली तेव्हा ऊमरा कापसाचे जे झाले त्याची आठवण येते. मात्र तुलना फार ताणू नये, कारण तेव्हा हमीभाव नव्हता आणि आज निदान कागदावर तरी आहे.

२४/
हा इतिहास संपलेला नाही, हे सांगणाऱ्या दोन घटना. भारत सरकारने २०२१ मध्ये पीव्हीसीच्या पाइपांतून शिसे काढून टाकण्याचे नियम अधिसूचित केले. शिसे गेले की त्याच्या जागी मुख्यतः कॅल्शियम-जस्ताचे साबण येतात. मऊ पीव्हीसीत त्यांचा जोडीदार म्हणून इपॉक्सीकृत तेल जुनेच आहे. कडक पाइपात मृदुकारक लागत नाही, हा फरक विसरू नये. शेतातल्या नळीची, वायरीची आणि रेक्झिनची गोष्ट वेगळी.

दुसरी घटना संशोधनातली. देश आपल्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून आणतो. अशा वेळी जेवणाचे तेल नळीत घालावे का, हा प्रश्न रास्त आहे. खरगपूरच्या आयआयटीत गौड, पटवर्धन आणि प्रधान यांनी २००६ मध्ये मोहाच्या आणि करंजाच्या तेलावर ही कडी बसवली. २००८ मध्ये दिंडा आणि त्याच सहकाऱ्यांनी सरकीच्या तेलावर. मोह मेळघाटात, करंज प्रत्येक नाल्याच्या काठी आणि सरकी प्रत्येक जिनिंगच्या आवारात. तिन्ही बिया आपल्या ओळखीच्या, प्रयोग बंगालमधला.

२५/
२०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. खरेदी केंद्रावर ओलावा मोजण्याचे यंत्र असते. दाण्यांची मूठ त्यात टाकली की काही क्षणांत आकडा येतो. तो १२ च्या आत हवा असा नियम. पावसाने घोळ केला म्हणून त्या वर्षी तो १५ पर्यंत चालेल असे केंद्राने सांगितले. मग माती-कचरा किती, डागी दाणे किती हे पाहतात, आणि पोते काट्यावर जाते. ह्यूब्ल यांचा आयोडीन अंक, ज्यावर या थ्रेडमधली सगळी गोष्ट फिरली, त्या पावतीवर कुठल्याच रकान्यात नसतो.